दादाची लाल रेघ

४ फेब्रुवारी

भावजी,

पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. फोन का केला नाही ते तुम्हाला माहीत आहे. उजवा कान केव्हाच गेला, आता डावाही त्याच्या मागे निघालाय. फोनवर मी सगळ्यांना "हो, हो" म्हणते आणि नंतर आपण काय कबूल केलं ते दुसऱ्याला विचारत बसते. अशानं परवा दोन माणसं जेवायला आली आणि मी त्यांना "कोण आपण?" म्हणून विचारलं. त्यापेक्षा कागद बरा.

घर विकलं. महिनाअखेरीला लेकीकडे राहायला जाते. बाकीची आवराआवर झाली, मागची शेड तेवढी राहिली होती. तिथं ताडपत्रीखाली ह्यांची मोटारसायकल आहे, ते गेले तेव्हा घरापुढच्या खाणीतून वर काढून ठेवली तशीच. वीसेक वर्षांत मी ताडपत्री उचलली नाही. भंगारवाल्यानं उचलली, सीटवर थाप मारली आणि म्हणाला, "बाई, ही उचलतो." मला ती थाप सहन झाली नाही. मी म्हटलं, ही माझ्या दिराची आहे, तो न्यायला येणार आहे. आता माझं खोटं तुम्ही खरं करा.

टेम्पो पुढच्या आठवड्यात येईल. तुम्ही ठेवा, सुटे भाग करा, काय वाटेल ते करा.

एक गोष्ट आज लिहून टाकते. ते गेले तेव्हा आत्याबाई घरभर सांगत होत्या की त्यानं मुद्दाम केलं, कारखाना बंद पडला ते त्याच्या मनाला लागलं. सगळ्यांनी मला कधी ना कधी आडून विचारलं. फक्त तुम्ही विचारलं नाहीत. ते मी विसरलेले नाही.

तुमची
वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी,

तुमची पाहुणी सुखरूप पोचली. टेम्पोवाल्यानं ती फळीवरून खाली उतरवली तेव्हा बायको दारात उभी होती. तिनं वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, "ही किती दिवस राहणार आहे?" मी म्हटलं, बरी होईपर्यंत. "मग तुम्ही दोघं एकाच वेळी बरे व्हा," म्हणाली. माझ्या गुडघ्यांवर टोमणा होता तो.

आमच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे: शिडी, रंगाचे डबे, बरण्यांतून भरलेले स्क्रू, छापखाना सोडताना आणलेली माझी हत्यारांची पेटी. मध्ये जागा करून तिला उभी केली, तोंड दाराकडे आणि पाठ मागच्या भिंतीकडे. दोन दिवस नुसता खुर्ची टाकून बघत बसलो. मग ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं. टाकीवरची धूळ गेली आणि खाली दादाच्या गुडघ्यांनी घासून रंग उडालेल्या दोन जागा दिसल्या. तिथं माझा हात थांबला. पुढचं काम दुसऱ्या दिवशी केलं.

अवस्था सांगतो. टायर कुजलेत, सायलेन्सरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, पिस्टन गंजून अडकलाय, वायरी हात लावला की तुटतात. पण सांगाडा सरळ आहे. एक कोडं मात्र सुटत नाही. पुढचा दिवा शाबूत आहे, काचेला ओरखडासुद्धा नाही. हँडल सरळ, पुढचा मडगार्ड जसाच्या तसा. आणि मागचा मडगार्ड चेपून चाकाला टेकलाय, मागचा दिवा भुगा, नंबरपट्टी घडी घातल्यासारखी. खाणीत पुढून पडलेल्या गाडीची पाठ कशी मोडली? तुम्हाला काही आठवत असेल तर लिहा. उगाच आपलं कारागिराचं कुतूहल आहे.

मी हिला सुरू करणार, वहिनी. दादानं मला हिच्यावरच शिकवलं. पडलो की ओरडायच्या आधी गाडीला लागलं का ते बघायचा. तो आवाज मला एकदा ऐकायचाय.

तुमचा
भावजी

२ मार्च

भावजी,

त्यात कोडं कसलं? गाडी वर काढताना दोर सुटला आणि ती मागच्या अंगावर आपटली. काढणारी माणसं अनाडी होती. तुम्ही गावाहून पोचलात तोवर सगळं उरकलं होतं, म्हणून तुम्हाला माहीत नाही.

लेकीकडे येऊन आठवडा झाला. माझी खोली रस्त्याच्या बाजूला आहे. लेकीला वाटतं मला वाहनांचा त्रास होईल. मी म्हटलं, बाई गं, मला ती फक्त दिसतात.

गाडी दुरुस्त करा, रंगवा, लखलखीत करून दारात ठेवा. पण सुरू करू नका. माझं एवढं ऐका.

वहिनी

९ एप्रिल

वहिनी,

तुमची आज्ञा वाचली आणि पेटीत ठेवली. अजून मोडलेली नाही, कारण अजून तेवढी हिंमत गाडीतही आलेली नाही.

इंजिन उतरवलं. पिस्टन रॉकेलमध्ये भिजत ठेवला आणि रोज सकाळी हळूच हलवून बघत राहिलो. एके दिवशी केसभर सरकला. मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको उलथणं हातात घेऊन धावत आली. आता ती माझ्याशी बोलताना गाडीला "तुमची ती" म्हणते.

खरं सांगू? गॅरेजमध्ये मी एकटा नसतो. हसू नका. सायलेन्सर जोडणारा नट काढत होतो. दोन्ही हातांनी जोर लावला, पाय देऊन बघितलं, नट ढिम्म हलेना. हा दादानं आवळलेला नट. त्याच्या मनगटाचा जोर इतकी वर्षं त्यात तसाच बसून होता, आणि मी त्याच्याशी झटापट करत होतो. शेवटी तो निघाला तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. दादाचा हात कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतला असं वाटलं, आणि मी तिथंच फरशीवर बसून रडलो.

वासाचंही तसंच. टाकीच्या तळाशी जुन्या पेट्रोलचा चिकट तपकिरी थर होता. या गाड्यांना पेट्रोलमध्येच तेल घालावं लागतं, ते तेल तेवढं मागे राहिलं. तो खरवडला त्या दिवसापासून घरभर दादाचा वास येतोय. त्याच्या शर्टाला यायचा तोच. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाहेर कोण आलंय बघा." कुणी नव्हतं.

आणि एक गंमत. इंजिनाच्या डाव्या बाजूला मॅग्नेटोचं झाकण असतं. त्याच्या आत फिरणारं चाक प्लगला ठिणगी पुरवतं, आणि ठिणगी नेमकी केव्हा पडायची ते तिथं जुळवतात. त्या झाकणाच्या स्क्रूवर लाल रेघ आहे. तुमची नेलपॉलिश! आठवतं का? दादा एखादं काम मनासारखं जमलं की तुमची बाटली पळवायचा आणि स्क्रूवरून झाकणापर्यंत एक बारीक रेघ ओढायचा. म्हणजे हे मी जुळवलंय, आता इथं कुणी हत्यार लावायचं नाही. कारखान्यात थोरामोठ्यांनीही त्या रेघेला हात लावला नाही. मी सगळी गाडी उसवली, पण ते झाकण तसंच ठेवलंय. प्लग बाहेर काढून तपासला, ठिणगी छान निळी पडते. मग उघडायचं कशाला? दादानं स्वतःच्या हातानं बंद केलेलं या जगात तेवढंच उरलंय.

वहिनी, मला एकदा सुरू करू द्या. तुम्हाला नको का वाटतं तेवढं सांगा.

भावजी

१७ एप्रिल

भावजी,

का नको ते सांगते. माझे कान जायला लागले तसे एकेक आवाज निघून गेले. आधी घड्याळ गेलं, मग पाखरं, मग दाराची बेल, आता लेकीचं बोलणंही अर्धंच येतं. एकच आवाज आत राहिलाय. त्या सकाळचा. गाडी सुरू झाली तो आणि नंतर वाढत गेला तो. बाहेरचं जसं शांत होतंय तसा तो मोठा होतोय. बसल्या जागी येतो. जेवताना येतो. लेक म्हणते, आई, कशाला दचकलीस?

तुम्ही इतक्या लांब ती सुरू केलीत तरी मला ऐकू येईल असं वाटतं. मूर्खपणा आहे, मला कळतं. तरी नको.

नेलपॉलिशची बाटली मला आठवते. मला कधी पुरलीच नाही.

वहिनी

१ मे

वहिनी,

मी तुमचं ऐकलं नाही. त्याची शिक्षा मिळाली आहे, तेव्हा रागावण्याची घाई करू नका. बरगडीला पट्टा आहे आणि पाठीवर झोपता येत नाही.

परवा सकाळी दहाचं ऊन गॅरेजच्या दारातून थेट आत आलं होतं. गाडी पूर्ण जोडून झाली होती. नवं पेट्रोल, मापानं तेल. बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला म्हटलं, बघ आता. किक मारली. दुसऱ्या किकेला लिव्हरनं उलटी लाथ मारली, नडगी सोलवटली. मी शिव्या घातल्या. तिसरी किक अर्धवट बसली आणि ती सुरू झाली!

वहिनी, तो आवाज. थोडा घोगरा होता, पण एवढ्या वर्षांनी घसा बसणारच. निळा धूर. माझे डोळे भरून आले. बायकोनं हातातला ओला कपडा तसाच धरून टाळ्या वाजवल्या. मी सीटवर बसलो. दार समोर, रस्ता समोर. पहिला गिअर टाकला आणि हळूच क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

मी शुद्धीवर आहे, आणि काही प्यायलेलो नाही. फरशी सपाट आहे, पाणसळ लावून मीच घालून घेतलेली. मोटारसायकलला मागे जायचा गिअर नसतो, हे पोरंटोरंही सांगतील. ती मला पाठीवर घेऊन मागे गेली, आणि जोरात गेली. दार समोर लांब होत गेलं, दारात बायकोचं तोंड उघडं. मी भिंतीवर आदळलो, वरची फळी बरण्यांसकट अंगावर आली. मग गाडी बंद पडली.

बायको म्हणते, ती दुपारी जाऊन भंगारवाल्याला बोलावून आणणार आहे. मी तिला थोपवलंय. पण तुमच्यापाशी लपवत नाही. फरशीवर पडलो होतो तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की दादानं मागून ओढलं. त्याला ती पुढे जायला नकोय.

तुम्ही नको म्हणाला होतात. तुम्हाला काही माहीत होतं का?

भावजी

६ मे

भावजी,

तुमच्या पत्रातली ती ओळ मी लेकीला मोठ्यानं वाचायला लावली. मला वाटलं कानांमागून डोळेही गेले. तिनंही तेच वाचलं: गाडी मागे गेली.

आता मी सांगते ते शांतपणे वाचा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही आत्ता, हे पत्र लिहायच्या आधी सांगितलं.

त्या सकाळी मी स्वयंपाकघरात नव्हते. मी दारात उभी होते. आपल्या घरापुढचं आवार तुम्हाला आठवत असेल, दारापासून खाणीच्या कठड्यापर्यंत उतरत गेलेलं. पाण्याच्या नळासाठी कठडा मध्येच फोडलेला होता. ते गाडी नेहमी घराकडे तोंड करून लावायचे. सुरू करायची, दारापर्यंत आणायची, माझ्याशी दोन शब्द बोलायचे, मग वळवून जायचं. कारखाना बंद झाल्यावर दोन शब्दही राहिले नव्हते. घास मोजून खायचे. विचारलं की "काही नाही" म्हणायचे.

त्या दिवशी किक मारताना त्यांना उलट लागलं. आधीचे काही दिवसही लागतच होतं, लंगडत घरात यायचे आणि "ही रुसलीय माझ्यावर" म्हणायचे. मग गाडी सुरू झाली. बसले. माझ्याकडे बघितलं. आणि मागे गेले.

भावजी, ते माझ्याकडे बघत बघत मागे गेले. तोंड शेवटपर्यंत माझ्याकडे. दोन्ही पाय गाडीवर, एकही जमिनीला टेकवला नाही. उतार होता, मला वाटलं त्यांनी गाडी सोडून दिली. मी "अहो" म्हणून ओरडले. आणि तेव्हा त्यांनी रेस वाढवली. मी ती ऐकली. आणखी वाढवली. माझ्या डोळ्यांत बघत वाढवली, आणि मग कठडा आला, आणि समोर कुणी नव्हतं.

लोकांना काय सांगणार होते मी? मोटारसायकल मागे गेली? वेड लागलं म्हणाले असते, नाहीतर हिनंच ढकललं म्हणाले असते. मी म्हटलं, मी आत होते, मला काही दिसलं नाही. दोर सुटल्याचंही खोटं होतं. दोर सुटला नव्हता.

आत्याबाई म्हणायच्या त्यानं मुद्दाम केलं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडायचे. आणि मला एकटीला माहीत होतं की त्या खरं बोलतायत. ज्याला थांबायचं असतं तो रेस वाढवतो का? तुम्हीच सांगा. तुम्हाला यंत्रातलं कळतं. मला एवढंच कळतं, की माझ्याकडे बघूनसुद्धा त्यांना राहावंसं वाटलं नाही.

आता तुमच्याकडेही ती मागे गेली म्हणता.

वहिनी

३० मे

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. बरगडीनं केला असं म्हटलं तर खोटं होईल. तुम्ही एक प्रश्न विचारलात, आणि खात्री झाल्याशिवाय मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. आता झाली आहे. सावकाश सांगतो, सगळं समजेल.

तुमचं पत्र वाचलं आणि मी गॅरेजमध्ये गेलो. गाडी स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी ठेवलं आणि सुरू केली. बऱ्याच किका मारल्या, पुन्हा तशीच लाथ बसली, पुन्हा तशीच सुरू झाली. पहिला गिअर टाकला. चाक उलटं फिरायला लागलं. बायकोला बोलावून दाखवलं. तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे भूत नाही. यंत्र आहे." मग तिला तिथंच पायरीवर बसावं लागलं, कारण तुमचं पत्र तिनंही वाचलं होतं.

या जातीच्या इंजिनाला पुढचं-मागचं कळत नाही. ठिणगी वेळेवर पडली की ते सरळ फिरतं. ठिणगी उशिरा पडायला लागली, तर किक मारताना कधीकधी अर्ध्यातून उलटा फटका बसतो आणि इंजिन उलट्या बाजूनं फिरायला लागतं. आवाज जवळजवळ तोच, धूर तोच. सीटवर बसलेल्याला काही समजत नाही. त्यानं गिअर टाकून क्लच सोडला, की गाडी मागे जाते. मी आयुष्यभर यंत्रांत राहिलो, हे कुठंतरी ऐकलंही होतं, पण बघितलं कधी नव्हतं. दादानंही बघितलं नसणार.

मग ठिणगीला उशीर का होत होता? मी ती लाल रेघ तोडली. झाकण काढलं. आतलं फिरतं चाक एका छोट्या अर्धगोल चावीनं जागेवर धरलेलं असतं. ती चावी तुटली होती आणि चाक आपल्या जागेवरून सरकलं होतं. मला आधी वाटलं, खाणीत पडल्यावर तुटली असेल. भिंगाखाली बघितली. एका दणक्यात तुटली असती तर कडा धारदार असत्या. त्या घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या. चाक आवळणारा नट सैल पडत गेला, चावी झिजत गेली, चाक रोज थोडं थोडं सरकत गेलं. गाडी दादावर रुसली होती ती यामुळे. तो सगळं तपासत असणार, प्लग, कार्ब्युरेटर, सगळं. फक्त एका झाकणाला हात लावत नसणार, कारण त्याच्यावर त्याची स्वतःची रेघ होती. हे मी जुळवलंय, इथं बघायचं नाही. मीही तेच केलं. आम्ही दोघं भाऊ त्या एका रेघेपाशी फसलो.

आता तुमचा प्रश्न. ज्याला थांबायचं असतं तो रेस वाढवतो का?

वाढवतो, वहिनी. मी वाढवली.

त्या दिवशीच्या पत्रात मी लिहिलं की गाडी जोरात मागे गेली. ती जोरात का गेली याचा मी नंतर विचार केला, माझा उजवा हात काय करत होता ते आठवून बघितलं. गाडी मागे सरकली त्या क्षणी मला वाटलं, घरंगळतेय, जोर कमी पडतोय. आणि हातानं आपण होऊन रेस दिली. पुढे जाण्यासाठी. दाराकडे जाण्यासाठी. ती आणखी मागे गेली, म्हणून आणखी दिली. गाडीवर वाढलेल्या कुठल्याही माणसाचा हात तेच करेल. पुढे जायचं तर रेस, एवढंच त्या हाताला माहीत असतं. ब्रेकचं डोक्यात आलं तेव्हा मी भिंतीत होतो. माझ्या मागे भिंत होती. दादाच्या मागे नव्हती.

गाडीचं तोंड घराकडे होतं. दारात तुम्ही होता. तुम्ही हाक मारलीत आणि त्यानं रेस वाढवली. वहिनी, तो तुमच्याकडे येत होता. जीव तोडून येत होता. जितकं यायला बघत होता तितकी ती त्याला लांब नेत होती, आणि का ते त्याला कळत नव्हतं.

आणखी एक लिहितो आणि थांबतो. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, ते मोठ्या मनानं नव्हे. मीही आत्याचं खरं मानत होतो. मला भीती होती की तुम्ही हो म्हणाल.

नवी चावी बसवलीय. चाक आता सरळ फिरतं. मी तिच्यावर बसलेलो नाही, तुम्ही सांगाल तसं करू.

तुमचा
भावजी

११ जुलै

भावजी,

तुमच्या बायकोची दोन पत्रं आली, वहिनी बऱ्या आहेत ना म्हणून. तिला सांगा, बरी आहे. लिहायला बसायचे आणि कागद कोरा राहायचा.

तुमचं पत्र मी रोज वाचते. पहिल्या दिवशी लेकीनं मला धरून ठेवलं होतं. आम्ही दोघी खूप रडलो. ती म्हणाली, आई, म्हणजे बाबा आपल्याला टाकून गेले नाहीत. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं तिच्याही मनात ते होतं, आणि मी तिच्यासमोर गप्प बसून ते वाढू दिलं.

मी ह्यांच्यावर फार रागावले होते. तुम्हाला कळलं नसेल, कारण लोकांसमोर मी त्यांची बाजू घ्यायचे. घरात मी त्यांचा फोटो लावला नाही. त्यांच्यासाठी रडले असं सगळ्यांना वाटायचं, पण मी माझ्यासाठी रडायचे, मला सोडून गेले म्हणून. त्यांच्यासाठी मी पहिल्यांदा तुमचं पत्र आल्यावर रडले. किती घाबरले असतील हो ते. मी त्यांचा चेहरा आता नीट बघते. तो चेहरा मला निर्धाराचा वाटायचा. तो घाबरलेला होता. आणि मी दारात नुसती उभी होते, कारण माझा समज झाला होता की ते निरोप घेतायत.

तुम्हाला वाटत असेल की वहिनीला आता शांत झोप लागत असेल. खोटं सांगणार नाही. तो आवाज गेलेला नाही. उलट आता दिवसातून जास्त वेळा येतो. आधी मला ते जाताना दिसायचे, तोंड फिरवून मी दुसरं काहीतरी करायला घ्यायचे. आता ते येताना दिसतात. माझ्याकडे येतात आणि पोचत नाहीत. त्यांना टाकून मला दुसरं काही करता येत नाही. मी बसून राहते त्यांच्यासोबत. पण भावजी, हे दुःख माझं आहे, ते मला चालेल. आधीचं कुणाचं होतं तेच समजत नव्हतं.

गाडी तुमची आहे. चालवा. बायकोला मागे बसवून चालवा.

लेक परवा घाबरून माझ्या खोलीत आली. म्हणाली, आई, कुणाशी बोलतेस एवढ्या मोठ्यानं? मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो किती मोठा होतो ते कळत नाही. काय बोलत होते ते तिला सांगितलं, तुम्हालाही सांगते. आवाज वाढायला लागला की मी त्यांना तेवढंच सांगते. अहो, रेस सोडा. येऊ नका माझ्याकडे. तुम्ही तिथंच थांबा, रेस सोडा, मी येते.

वहिनी